एंटरवरचं बोट

ज्यांच्या हाताखाली मी पाच-सहा वर्षं नकाशे काढले, त्या गृहस्थांनी आयुष्यात एकही सूचना शेवटपर्यंत वाचली नसावी. औषधाच्या बाटलीवरची नाही, रेल्वे फाटकावरची नाही, लग्नपत्रिकाही नाही. एकदा साकोलीला एका नातलगाच्या लग्नाला ते आहेराचं पाकीट घेऊन पोचले, तेव्हा तिथे मांडवाचे बांबू सोडणं चालू होतं. लग्न आदल्या दिवशी झालं होतं. परत आल्यावर आम्हाला म्हणाले, "लोकाईले पत्रिका नीट छापता येत नाही."

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. गोंदियात एका बारदान्याच्या दुकानावर, म्हणजे धानाची रिकामी पोती विकतात त्या दुकानाच्या माडीवर, त्यांचं ऑफिस होतं. तीन कम्प्युटर, एक कूलर आणि एक जुना ड्रॉइंग बोर्ड, ज्याच्यावर आता चहाचे कप ठेवले जात. घरं, दुकानं, राइस मिलच्या शेड, जे काय येईल त्याचे नकाशे आणि थ्री-डी मॉडेलं आम्ही करून द्यायचो. आम्ही म्हणजे बहुतेक वेळा मीच. बाकीच्या दोन खुर्च्यांवर माणसं येत आणि जात. त्यांची नावं इथे सांगत नाही, कारण साहेबांनीही ती कधी पाठ केली नव्हती.

आमचं सॉफ्टवेअर असं होतं की त्यात भिंत काढली की भिंतच उभी राहायची, जाडी, उंची, खिडकीचं भोक सगळं धरून. काही जुळलं नाही, दोन भिंती एकमेकींत घुसल्या, दार भिंतीबाहेर लटकलं, की पडद्यावर एक चौकट यायची आणि इंग्रजीत सांगायची की इथे गडबड आहे. ती वाचायची, गडबड कुठे आहे ते शोधायचं, सुधारायचं आणि पुढे जायचं. जगात सगळीकडे हे काम असंच करतात.

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहत. चौकट आली की माझ्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे येई आणि तर्जनी एंटरच्या बटणावर पडे. चौकट नाहीशी व्हायची. गडबड जिथल्या तिथे राहायची, फक्त तिच्याबद्दल सांगणारं कोणी उरायचं नाही. तिन्ही कीबोर्डांवरची त्या एका बटणाची अक्षरं झिजून गेली होती.

"साहेब, काय म्हणते ते पाहू तर द्या," मी म्हणायची.

"पाहाचं काय त्यात? बत्तीस वर्षं मी टी-स्क्वेअरनं नकाशे काढले. टी-स्क्वेअर कधी तोंड उघडून बोलला नाही. अन् हे कालचं डबडं मले शिकवून राहिलं."

टी-स्क्वेअर म्हणजे बोर्डावर सरळ रेघ मारायची लांब लाकडी पट्टी. ती बोलत नाही हे खरं. पण म्हणून जे बोलतं ते खोटंच असतं, हा शोध साहेबांचा.

माणसांशीही त्यांचं असंच चाले. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की ते मध्येच "हो हो, समजलं" म्हणत आणि मान वळवत. त्यांच्या बायकोनं एकदा ऑफिसात फोन करून मलाच विचारलं, "ते डबा घेऊन आले का वो? मी घरून विचारलं तं हो हो म्हनले अन् निघून गेले." डबा घरीच होता. साहेबांनी त्या दिवशी खालून समोसे मागवले आणि बायकोच्या विसरभोळेपणावर आम्हाला दहा मिनिटं ऐकवलं.

हा अविश्वास कुठून आला ते मला खालच्या बारदानेवाल्यानं सांगितलं. मी तिथे लागण्याच्या चार-पाच वर्षं आधीची, नव्व्याण्णव-दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. साहेबांनी पहिला कम्प्युटर घेतला होता. नकाशाच्या प्रोग्रामची सीडी नागपूरच्या कुठल्याशा गल्लीतून आणलेली, म्हणजे चोरीची. आठवड्याभरात पडद्यावर चौकट आली. त्या काळी ती सगळ्यांनाच यायची: या प्रोग्रामनं इल्लीगल ऑपरेशन केलं आहे, तो आता बंद होईल. साहेबांनी तेवढाच एक शब्द वाचला. इल्लीगल. त्यांना वाटलं, मशीननं त्यांची चोरी पकडली आणि कुठेतरी वर्दी दिली.

"तीन दिन," बारदानेवाला मला बोटं दाखवून सांगायचा. "तीन दिन ते कम्प्युटर माह्या पोत्याईखाली होतं. अन् साहेब पोत्याईवर बसून. गिऱ्हाईक आलं तं म्हणत, हे पोते विकाचे नाही."

चौथ्या दिवशीही पोलीस आले नाहीत तेव्हा साहेबांनी कम्प्युटर झटकून वर नेला आणि कायमचा निष्कर्ष काढला. पोलीस का आले नाहीत? कारण मशीन खोटं बोलते. एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावून त्याच्यावर उरलेलं आयुष्य उभं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

तरी त्यांना चौकटींचा राग यायचाच, आणि रागासाठी त्यांनी एक रजिस्टर केलं होतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, वर सुंदर अक्षरात 'एरर रजिस्टर' असं लिहिलेलं. अक्षर खरंच सुंदर होतं. त्यांच्या हातचा जुना एखादा नकाशा पाहिला तर रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलायची नाही. एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते, पुढे सांगायला जागा मिळणार नाही. रजिस्टरात रकाने चार होते: तारीख, वेळ, खुर्ची, नाव. चौकट आली की ते एंटर दाबत, मग विचारत, "कोणाच्या हातून आली?" आणि ज्याच्या हातून आली त्याचं नाव लिहून घेत. चौकट काय म्हणाली, यासाठी रकाना नव्हता. सगळ्यात जास्त वेळा माझं नाव होतं, कारण सगळ्यात जास्त काम मी करायची. साहेब ते रजिस्टर आल्यागेल्याला दाखवत. "हे पाहा. आमच्या मॅडमच्या हाताले एरर लागते." रागावले की ते मला मॅडम म्हणत, खुशीत असले की बेटा.

एरर का येते याची त्यांच्याकडे कारणं होती आणि ती ऋतूप्रमाणे बदलत. हिवाळ्यात धूळ. म्हणून चपला जिन्यात काढून, थंडगार फरशीवर अनवाणी बसायचं. पावसाळ्यात मुंग्या. एकदा त्यांना वाटलं की मी घरून आलेल्या फोनवर पोवारीत, आमच्या घरच्या बोलीत, बोलते म्हणून एरर येते. दोन महिने त्यांनी माझे फोन आणि चौकटी यांचा मेळ घालून पाहिला. शेवटी मेळ बसत नाही म्हणून मेळ सोडून दिला, पण मत सोडलं नाही. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, एका दुपारी कम्प्युटरचं डोकं फार तापलंय म्हणून त्याच्या डब्यावर त्यांनी ओला टॉवेल टाकला. डब्यातून 'चर्र' आवाज आला आणि पडदा काळा झाला. साहेब समाधानानं म्हणाले, "पाह्य, आता एकही एरर नाही."

माझं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. कालव्याला पाणी सुटायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कोतवाल दवंडी देत फिरायचा. बाबा ताटावरून उठून दारात येत आणि दवंडी पूर्ण ऐकत, कारण अर्धी ऐकणाऱ्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधीतून वाहून गेलेले त्यांनी पाहिले होते. कोणी सावध करत असेल तर थांबून ऐकायचं, एवढं शिक्षण मी घरून घेऊन आले होते. माझं इंग्रजी यथातथाच. पण साहेब बाहेर गेले की मी प्रत्येक चौकट डिक्शनरी घेऊन वाचायची आणि माझ्या वहीत मराठीत उतरवायची. एकाच जागी दोन खांब आहेत, एक काढा. ही खोली चारी बाजूंनी बंद नाही. ही भिंत छताला टेकत नाही. मग शोधत जायची, सापडलं की सुधारायची आणि कसं सुधारलं ते खाली लिहायची. वर्षभरात लक्षात आलं की चौकट कधी उगीच येत नाही. तिची भाषा रुक्ष असते, काही वेळा चार गोष्टींपैकी एकच सांगते, पण खोटं सांगत नाही. साहेब तिला चुगली म्हणत.

मला ते मूर्ख वाटायचे, आणि मूर्ख माणसाच्या हाताखाली हुशार माणसाला जो एक गोड माज चढतो तो मला चढला होता. त्यांच्या पाठीमागे मी त्यांची नक्कल करायची. तोंडावर मात्र "हो साहेब" म्हणायची. ही गोष्ट मुद्दाम सांगते आहे.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास केशोरीकडच्या एका सेठनं लग्नाचा हॉल बांधायला काढला. खाली हॉल आणि मागे स्वयंपाकघर, वर जेवणाची जागा. जिने दोन. पुढचा पाहुण्यांचा, रुंद, पितळी कठड्याचा. मागचा अरुंद, स्वयंपाकघरातून वर अन्न न्यायला. नकाशे झाले, सेठनं प्रिंटवर सही केली आणि मग एक दिवस ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, खालचं छत थोडं उपर पाहिजे. झुंबर लावायचं आहे."

साहेब त्या दिवशी खुशीत होते. सेठला करामत दाखवायला ते स्वतः माझ्या खुर्चीवर बसले, वरच्या मजल्याची उंची खोडली आणि नऊ इंच वाढवून लिहिली. सगळा मजला पडद्यावर टुणकन वर गेला. सेठ खूश झाला. त्याच क्षणी चौकट आली. साहेबांचं बोट एंटरवर गेलं.

मी ती वाचली होती. 'जिन्याचे वरचे टोक ठरलेल्या पातळीपर्यंत पोहोचत नाही.'

सेठ गेल्यावर मी मॉडेल फिरवून पाहिलं. मजला वर गेला होता, जिने खालीच राहिले होते. पुढचा जिना रंगीत चित्रात दिसणार होता, म्हणून साहेबांनी तो माझ्याकडून पुन्हा काढून घेतला. मागचा तसाच होता: चोवीस पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. त्या बारा फुटांवर संपायच्या आणि मजला होता बारा फूट नऊ इंचांवर. म्हणजे शेवटची पायरी सहाऐवजी पंधरा इंचांची, जवळजवळ गुडघ्याएवढी.

"साहेब, चोवीस पायऱ्या आहेत. प्रत्येक तीन सूत वाढवली की बरोबर नऊ इंच निघतात," मी म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन मिनिटांचं काम आहे."

"त्या जिन्याले हात लावाचा नाही. सेठनं त्याच्यावर सही केली आहे. आता बदलला तं म्हणेल, याईले पयले समजत नव्हतं."

"पण जिना वर पोचत नाही साहेब."

"हो हो, समजलं. अन् तो काय पाहुण्याईचा जिना आहे? आचाऱ्याईचा आहे. चढतीन."

पुढे त्या बाजूला हात लावला की तीच चौकट यायची. माझ्या वहीत ती अकरा वेळा आहे. अकरा वेळा साहेबांचं बोट माझ्या खांद्यावरून आलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण शेवटच्या तीन-चार वेळा साहेब खोलीत नव्हते. एंटर मीच दाबलं. काम उरकायचं होतं आणि तीच ती चौकट पाहून मलाही कंटाळा आला होता.

बांधकाम दशरथ मिस्त्रीकडे होतं. केशोरीचाच माणूस, पन्नाशीचा, शाळेत चौथीपर्यंत गेलेला. स्लॅब पडून झाला आणि मागच्या जिन्याचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, ठोकायच्या आधी त्यानं भिंतीवर खडूनं पायऱ्या आखून पाहिल्या. मग ऑफिसात फोन केला. फोन मी उचलला.

"बाई, जिना पुरून नाही राहिला," तो म्हणाला. "साहेबाले घेऊन या."

आम्ही जीपनं गेलो. अडीच तासांचा रस्ता, साहेब वाटभर मिस्त्री लोकांच्या अकलेबद्दल बोलत होते. पोचल्याबरोबर म्हणाले, "तू स्लॅब वर टाकला."

दशरथनं टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि मोजून दाखवलं. बारा फूट नऊ इंच. नकाशावर होतं तेवढंच. मग तो भिंतीजवळ गेला. खडूच्या रेघांची एक रांग होती, ती वर पोचत नव्हती. शेजारी त्यानं दुसरी रांग आखली होती, ती नेमकी वर टेकत होती.

"तीन-तीन सूत वाढवतो ना जी सबन पायऱ्याईले," तो म्हणाला. "कोनाले समजनार बी नाही."

मी डिक्शनरी आणि कम्प्युटर घेऊन जिथे पोचले होते, तिथे तो खडू घेऊन पोचला होता. साहेबांनी दोन्ही रांगांकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, हो म्हणतील. त्यांना ते समजलं होतं, एवढं मी त्यांच्या चेहऱ्यावरून शपथेवर सांगेन. पण हो म्हणायचं तर मशीन खरं बोललं होतं असं झालं असतं.

"नकाशा म्हणजे नकाशा," ते म्हणाले. "जसा आहे तसा ओत. शेवटची पायरी भारी येईल, येऊ दे."

"वरनाचा गंज घेऊन बाया चढतीन, साहेब." गंज म्हणजे मोठं पातेलं.

"तं सांभाळून चढतीन."

"मंग लिवून द्या," दशरथ म्हणाला.

साहेब जीपकडे निघाले होते. मागे न पाहता म्हणाले, "मॅडम, द्या काढून."

मी सिमेंटच्या पोत्यावर बसून नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला शेवटची पायरी काढली. पंधरा इंच. माप लिहिलं. खाली सही लागते, साहेब जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते, म्हणून मी माझी केली. दशरथ माझ्याकडे पाहत होता. "बाई, तुमाले तं समजते ना," तो हळू म्हणाला. मी म्हणाले, "साहेबांनी सांगितलं आहे," आणि कागद त्याच्या हातात दिला. परतीच्या वाटेवर साहेबांनी नवेगावला चहा पाजला आणि मला बेटा म्हणाले.

हॉल झाला. झुंबर लागलं. पहिल्याच लग्नसराईत एका दुपारी दशरथचा फोन आला. वरणाचा गंज घेऊन चढताना एका बाईचा पाय शेवटच्या पायरीला अडला. सायत्राबाई तिचं नाव. गावातल्या लग्नांत रांधायला, वाढायला जाणारी. उकळतं वरण तिच्या दोन्ही पायांवर सांडलं होतं आणि तिला अर्जुनीला दवाखान्यात नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेठनं साहेबांना बोलावून घेतलं. जीपमध्ये बसताना साहेबांच्या काखेत लाल रजिस्टर होतं. मला वाटलं, चुकून घेतलं असेल.

मागच्या जिन्याखाली आम्ही चौघं उभे होतो: सेठ, दशरथ, साहेब आणि मी. पायऱ्या धुतल्या होत्या, पण कोपऱ्यांत तुरीची डाळ वाळून चिकटली होती. साहेबांनी वर पाहिलं नाही. रजिस्टर उघडलं, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "कोणाच्या हातून सांडलं?"

सेठला कळेना. "क्या मतलब?"

"नाव सांगा ना. बाईचं नाव."

दशरथ मिस्त्रीनं नाव सांगितलं. साहेबांनी ते आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. तारीख लिहिली, वेळ विचारून वेळ लिहिली. खुर्चीच्या रकान्यापाशी जरा थांबले आणि तिथे लिहिलं, 'जिना'.

इतकी वर्षं मी त्या रजिस्टरला हसले होते. त्या दिवशी हसू आलं नाही. माझ्या नावाच्या लांबलचक रांगेखाली, त्याच पानावर, पाय भाजलेल्या बाईचं नाव आलं होतं.

"सेठजी," मी म्हणाले, "चूक बाईची नाही. हा जिना नऊ इंच कमी आहे. तुम्ही छत वाढवायला सांगितलं त्याच दिवशी मॉडेलनं सांगितलं होतं की..."

"हो हो, समजलं," साहेब मध्येच म्हणाले.

"रुको," सेठ म्हणाला. "बोलू द्या त्यांना."

मी सगळं सांगितलं. चौकट, अकरा वेळा, तीन सूत, खडूच्या दोन रांगा. साहेबांनी माझं संपेपर्यंत ऐकलं, असं त्यांनी पहिल्यांदाच केलं. मग दशरथकडे हात पुढे केला. "तो कागद दाखव."

दशरथनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. साहेबांनी तो सेठसमोर धरला. "सही कोणाची आहे, वाचा."

"माझी आहे," मी म्हणाले.

"सही बाईची हाय," दशरथ म्हणाला. "हुकूम कोनाचा होता थे मी माह्या कानानं आयकलो."

सेठ न्यायाधीश नव्हता आणि त्याला व्हायचंही नव्हतं. महिनाभरात हॉलमध्ये आणखी चार लग्नं होती. "मेरेको सही-वही नहीं देखना," तो म्हणाला. "जिना तोडा अन् नीट करा. बस."

साहेब रजिस्टर मिटून जीपमध्ये बसले आणि मला न घेता निघून गेले. मी काळी-पिवळी जीपनं अर्जुनीला आले आणि तिथून रेल्वेनं गोंदियाला.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडते असं सांगायला ऑफिसात गेले. "साहेब, मी उद्यापासून," एवढंच म्हणाले आणि ते म्हणाले, "हो हो, समजलं." मी डिक्शनरी आणि वही घेऊन खाली उतरले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, मी कामावर का येत नाही म्हणून.

त्यांचं काही बिघडलं असं समजू नका. त्याच सेठनं पुढे घराचं काम त्यांनाच दिलं, कारण रंगीत चित्र ते चांगलं दाखवत. माझ्याबद्दल त्यांनी गावभर सांगितलं की निष्काळजी होती म्हणून काढून टाकली. मी पुढे स्वतःची कामं घेऊ लागले तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकांनी हे मला तोंडावर विचारलं. काढून टाकली हे खोटं होतं. दुसरं मी खोडून काढायला गेले नाही.

जिना तोडायचं काम सुरू झालं त्या आठवड्यात मी केशोरीला राहिले होते. नव्या जिन्याचा नकाशा फुकट काढून देते असं मी दशरथला म्हणाले होते, आणि काढायचा तर नीट काढा म्हणून त्यानं मला समोर बसवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घर विचारून मी सायत्राबाईकडे गेले. ती दवाखान्यातून परत आली होती. ओसरीत खाटेवर बसून, पट्ट्या बांधलेले पाय समोर पसरून, मांडीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होती. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मी खाली बसले आणि सांगितलं की त्या जिन्याचा कागद मी काढला होता.

तिनं हात थांबवला. "थे पायरी उंच हाय म्हनून तुमाले मालूम होतं का?"

"होतं."

"कवापासून?"

"जिना बांधायच्या आधीपासून."

मला वाटलं, ती बोलेल, शिव्या देईल. त्यासाठीच मी गेले होते बहुतेक. तिनं सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला.

"मंग कोनी सांगलं काऊन नाही वो?" ती म्हणाली. "मी गंज पयले वर ठेवला असता, अन् मंग चढली असती. एवढंच तं होतं."